डोंगराचा पाटकरी कोण?

पावसाळा सरला की कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात पाण्याच्या बैठका सुरू होतात. कालवा सल्लागार समिती बसते, पिण्याच्या पाण्याचं आरक्षण ठरतं, आवर्तनांच्या तारखा ठरतात. हरणबारी धरणात 1166 दशलक्ष घनफूट मावतं, केळझरमध्ये 572, पुनदमध्ये 1306, चणकापुरात 2427. यातलं यंदा किती साठलं, कुणाला किती सोडायचं, यावर दिवसभर खल होतो. आमदार बोलतात, अभियंते बोलतात, बागायतदार बोलतात, नगरपालिका आपली मागणी रेटते. भांडणं होतात. ती व्हायलाच हवीत. पाणी थोडं आहे आणि तोंडं फार आहेत.

पण ज्या डोंगरावरून हे पाणी उतरलं, त्याचं यंदा काय झालं? किती माती धरणात आली? वणवा कुठवर गेला? कोणता नाला बुजला, कोणता झरा पौषातच आटला? हे प्रश्न या बैठकांत विचारले जात नाहीत. समितीचा विषय आवर्तन आहे. डोंगर हा तिचा विषयच नाही. आणि माझं म्हणणं असं, की डोंगर हा ज्या बैठकीचा विषय नाही, ती पाण्याची बैठक अर्धीच आहे.

नकाशा एकदा डोळ्यांपुढं आणा. मोसम साल्हेर-मुल्हेरच्या बाजूनं येते, हरणबारीत अडते, मग ताहाराबाद, जायखेडा, नामपूर करत मालेगावात गिरणेला मिळते. आरम पश्चिमेच्या डोंगरातून केळझर, डांगसौंदाणे ओलांडून सटाण्यात येते. गिरणा सुरगाणा-कळवणच्या हद्दीवरच्या डोंगरांतून निघते आणि खाली ठेंगोड्याजवळच्या विहिरीतून सटाणा शहराच्या तहानेला हात देते. सटाण्यात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर डाळिंब होत नाही, अर्ली द्राक्ष होत नाही, उन्हाळ कांदा तर नाहीच. बागलाण तालुक्याची सगळी बागायत पश्चिमेच्या त्या निळ्या रांगेच्या जिवावर उभी आहे. तिथं कोकणा आणि भिल्ल वस्त्या आहेत, नागली-वरईची उतारावरची शेती आहे, आणि फेब्रुवारी उलटला की बायकांच्या डोक्यावर हंडे आहेत. धरणाच्या वर राहणाऱ्याच्या घरी टँकर आणि धरणाच्या खाली राहणाऱ्याच्या शेतात ठिबक, हे चित्र आपण इतक्या वर्षांत रुळवून घेतलं आहे.

आता त्या डोंगराचा धनी शोधू.

जमीन वनविभागाची. तिथं समतल चर खणायचे असतील तर ते वनविभागच खणेल, नाहीतर त्याची परवानगी लागेल. त्याच उताराला लागून खासगी शेत असेल तर तिथली बांधबंदिस्ती कृषी विभागाकडे. खाली ओढ्यावर सिमेंटचा बंधारा घालायचा, तर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारी योजना जिल्हा परिषदेची, त्यापुढं सहाशे हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाची, आणि त्याहून मोठी जलसंपदा विभागाची. जमिनीखालचं पाणी मोजणार भूजल सर्वेक्षण यंत्रणा. नळाचं पाणी नगरपालिकेचं. गिरणा तापीच्या खोऱ्यातली, आणि तापी खोऱ्याचं महामंडळ जळगावात. पाण्याचा एक थेंब पश्चिमेच्या कड्यावरून ठेंगोड्याच्या विहिरीपर्यंत येताना इतक्या कार्यालयांच्या हद्दी ओलांडतो. प्रत्येकाकडं त्याचा एकेक तुकडा आहे. पूर्ण वाट कुणाच्याच ताब्यात नाही, म्हणून वाटेत काय बिघडलं याचा जाबही कुणाला विचारता येत नाही.

आता यात आणखी एक हिस्सेदार आला. 2025 च्या जुलैत साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. 1567 मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, 1672 च्या लढाईचा साक्षीदार. त्याचा अभिमान मलाही आहे. पण आता रस्ते रुंद होतील, वाहनतळ होतील, हॉटेलं येतील. तो डोंगर मोसमचं माहेर आहे, हे त्या आराखड्यात कोण लिहिणार? पुरातत्त्व खातं किल्ल्याचा दगड सांभाळेल. ओढा सांभाळणं त्याच्या कामात नाही.

बागलाणच्या माणसाला या बाबतीत बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. इथं फड पद्धत होती. मोसम, आरम, गिरणा आणि शेजारच्या धुळ्याच्या पांझरेवर तीन-चारशे वर्षं ती चालली. नाशिकच्या 1883 च्या गॅझेटियरमध्येही या भागातल्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांची नोंद आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि चारीखाली फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात गहू, हे पंच ठरवत. शेताला पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्यानं बांधावर हजर राहायचीही गरज नसे. पिकाची राखण जागल्याची. दोघांना धान्यात मोबदला. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ काढायचा तर पाणी घेणाऱ्या प्रत्येक घरातून माणूस यायचा. जो आला नाही, त्यानं दंड भरायचा.

यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वेगळीच होती. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन तुकड्यातुकड्यानं वेगवेगळ्या फडांत असे. पाणी कमी असलं की पंच एखादा फड कोरडा ठेवत. कोरड्या फडात सगळ्यांचाच तुकडा, म्हणून तोटा सगळ्यांचाच. वरच्यानं पाणी तोडलं आणि शेवटचा मेला, असं होण्याची सोयच त्या रचनेत नव्हती. आज कालव्याच्या शेपटाला असलेला शेतकरी वर्षानुवर्षं ओरडतो आणि मुखाजवळचा मोटार लावून बसतो. आपल्याकडं तेव्हा सिमेंट नव्हतं, पण न्याय होता.

फडाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता. पंचांत बाई नव्हती. आणि आजच्या विषयाला लागू असलेली तिसरी उणीव: फडाचा कारभार बंधाऱ्याच्या भिंतीपासून खाली सुरू व्हायचा. वरच्या डोंगराशी त्याचा संबंध नव्हता, कारण तेव्हा डोंगर दाट होता आणि नदी बारमाही होती. डोंगर सांभाळावा लागतो हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. मग इंग्रजांनी जंगल राखीव केलं आणि तिथल्या माणसाला उपरा ठरवलं. 1930 च्या जंगल सत्याग्रहात चणकापूर, कळवण, बागलाणचे आदिवासी उगाच उभे राहिले नव्हते. ज्या चणकापूरच्या धरणाचं पाणी शंभर वर्षांहून जास्त काळ खाली वाहतं, त्याच चणकापुरात लोक आपल्या रानासाठी इंग्रज सरकारशी भिडले. पाण्याचा इतिहास आपण धरणाच्या भिंतीपासून वाचतो. तो रानापासून वाचायला हवा.

पुढं वर धरणं आली. नदीत येणारं पाणी पाटबंधारे खात्याच्या हातात गेलं, आणि खालचे फड एकामागून एक सैल पडले. पंचांचा अधिकार गेला, पाटकऱ्याचं काम गेलं. त्यांच्या जागी अर्ज आले, पाणीपट्टी आली. मी धरणांच्या विरोधात नाही. हरणबारी आणि केळझर नसते तर आजचं बागलाण नसतं. पण नियम होता तो का टाकला? जो पाणी घेईल तो पाटाचा गाळ काढेल, हा नियम पाटाबरोबर धरणाच्या वर न्यायला हवा होता. आज हरणबारीचं पाणी घेणारा डाळिंबवाला, केळझरवर अवलंबून असलेला द्राक्षवाला आणि सटाण्यातला नळवाला, या सगळ्यांचा पाट पश्चिमेच्या डोंगरउतारापर्यंत जातो. त्या पाटाचा गाळ काढायला आपल्यातला कोण जातो?

आता दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. पुनद धरणातून सटाण्याला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीवरून सटाणा आणि कळवण समोरासमोर आले. सटाणेकर म्हणाले, शहर तहानलेलं आहे, दिवसाआड सोडा, आठवड्यालाही नळ येत नाही. कळवणकर म्हणाले, आमच्या उशाचं पाणी बंद पाइपातून तुम्ही नेलंत तर नदी कोरडी पडेल आणि काठच्या आमच्या विहिरी मरतील. दोघांचंही खरं होतं. 2019 मध्ये त्या जलवाहिनीचं काम पोलिस बंदोबस्तात करावं लागलं. एका खोऱ्यातल्या, एकमेकांशी सोयरिकी असलेल्या दोन तालुक्यांमध्ये पाण्याच्या पाइपासाठी पोलिस उभे राहिले, याची मला आजही लाज वाटते.

त्या भांडणात प्रत्येक पक्षाला मी ऐकलं. न्याय मागणारे होते, निवेदनं देणारे होते, श्रेय घेणारेही होते. पुनदच्या वरच्या पाड्यांना मात्र कुणी विचारलं नाही, की बाबांनो, तुमच्या डोंगरातून येणारं पाणी आम्ही दोघं वाटून घेणार आहोत, तुमचं म्हणणं काय? तुम्हाला काय हवं? पाण्याची वाटणी झाली दोन खालच्यांमध्ये. वरचा तिसरा वाटेकरी धरलाच गेला नाही. विश्वासात घेतलं असतं तर कळवणचा विरोध इतका तीव्र झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं. माणूस पाणी द्यायला तयार असतो. न विचारता नेलं की तो पाइपासमोर आडवा पडतो.

आणि हा तिसरा वाटेकरी कायद्याच्या दृष्टीनं दुबळा अजिबात नाही. कळवण आणि सुरगाणा हे तालुके पूर्ण, आणि बागलाणचा पश्चिम भाग, पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. तिथं 1996 चा पेसा कायदा लागू आहे. गावातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडं सोपवायला तो सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम तर सरळ आपल्या विषयावर बोलतं: पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत यांचं रक्षण करायचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा जंगल राखू शकते, चराईचे नियम करू शकते, तोड थांबवू शकते. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात याच पट्ट्यातली माणसं मोठ्या संख्येनं होती. त्यांची पहिली मागणी वनजमिनीच्या हक्काची होती. ज्याला उद्या ही जमीन आपली राहील याची खात्री नाही, तो उतारावर दगडी बांध कशाला घालील? त्याचा दावा वर्षानुवर्षं तालुक्याच्या फायलीत पडून ठेवायचा आणि वर त्याच्याकडून जंगल राखायची अपेक्षा करायची, हे अन्यायाचं आहे. सातबाऱ्याचा प्रश्न आणि गाळाचा प्रश्न एकच आहे.

खालच्यांसाठीही कायदा आहे. भूजलाचा 2009 चा कायदा 2014 पासून लागू झाला. त्यात पाणलोट क्षेत्रासाठी समिती आहे, साठ मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे जवळजवळ दोनशे फूट. बागलाणात बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, हे या सदराच्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. त्या बोअरचं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरायचं आणि उन्हाळ्यात वाफ होऊ द्यायची, याला आपण जलसंधारण म्हणू नये. ते शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी आहे.

मग करायचं काय? दोन ठिकाणी लोकांनी मार्ग काढला आहे, आणि दोन्ही आपल्या देशात.

चंदीगडचा सुखना तलाव 1958 मध्ये बांधला आणि थोड्याच वर्षांत गाळानं भरू लागला. गाळ येत होता वरच्या शिवालिक डोंगरातून, जिथं सुखोमाजरी गावची जनावरं चरत. सत्तरच्या दशकात पी. आर. मिश्र या मृदसंधारणाच्या तज्ज्ञानं गावाला उपदेश केला नाही. गावातच छोटं धरण बांधलं, आणि त्यातल्या पाण्यात प्रत्येक घराचा समान वाटा ठरला. ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्याचाही. त्याबदल्यात गावानं डोंगरावरची मोकाट चराई बंद केली. डोंगर हिरवा झाला, तलावात जाणारा गाळ घटला. आपल्याकडं विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या पाणी पंचायतीत याच काळात माणशी पाणी वाटून दाखवलं होतं, भूमिहीनासकट. वरच्याला स्वतःच्या गावात पाणी मिळालं की तो डोंगर राखतो. इतका साधा व्यवहार आहे हा.

दुसरं ठिकाण हिमाचलमधलं पालमपूर. तिथली नगरपरिषद तेव्हा सटाण्याहूनही लहान होती. शहराला बोहल गावच्या झऱ्याचं पाणी येतं. झरा आटू लागला तेव्हा 2010 मध्ये नगरपरिषदेनं वरच्या गावाच्या वन समितीशी वीस वर्षांचा लेखी करार केला. गावानं झऱ्यावरचं जंगल राखायचं, नगरपरिषदेनं वर्षाला दहा हजार रुपये द्यायचे. रक्कम क्षुल्लक आहे हे मलाही दिसतं. पण कागदावर दोघांच्या सह्या आहेत, आणि शहरानं लिहून मान्य केलं आहे की हे पाणी वरच्या गावाच्या राखणीमुळं मिळतं. न्यूयॉर्कसारख्या महानगरानंसुद्धा 1997 मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी असाच करार केला. अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प बांधण्याऐवजी शहरानं वरच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर आणि जंगलावर पैसा घातला, आणि तो कसा खर्चायचा हे ठरवताना वरच्या गावांचे प्रतिनिधी टेबलावर बसवले.

सटाण्याला हे झेपणार नाही, असं कुणी म्हणू नये. सात हजार नळजोडण्या धरा आणि प्रत्येकीमागं महिन्याला दहा रुपये धरा. वर्षाला आठ लाख चाळीस हजार होतात. एका पाड्याच्या वरचा उतार राखायला, वणव्याच्या दिवसांत चार जागले ठेवायला, झऱ्याचं टाकं बांधून आधी तिथल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवायला एवढ्यात सुरुवात होते. पाणी वापर संस्था एकरी काही रुपये घालू शकतात. द्राक्षाचा कंटेनर परदेशी पाठवणारा बागायतदार त्यात आपला वाटा टाकू शकतो. 1870-71 च्या दुष्काळात सटाण्याच्या मामलेदारानं सरकारी खजिना भुकेल्यांसाठी रिता केला. त्या यशवंतराव महाराजांची यात्रा आपण दरवर्षी आरमच्या काठी भरवतो. तिजोरी कुणासाठी उघडायची, याचं उत्तर या गावानं एकदा दिलेलं आहे.

पैशापेक्षा मोठा प्रश्न खुर्चीचा आहे. आजवरच्या प्रत्येक योजनेत वरच्या गावाची भूमिका ठरलेली: श्रमदान करायचं, ठरावावर अंगठा द्यायचा, उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या. याला लोकसहभाग म्हणतात. निर्णयात सहभाग नसेल तर तो बिनपगारी मजुरी आहे. चर कुठं खणायचे, कोणती झाडं लावायची, कोणती शिवारं चराईला मोकळी ठेवायची, हे वरच्या ग्रामसभेनं ठरवावं. वनविभागानं तांत्रिक मदत करावी आणि कागद अडवू नयेत. जलसंपदानं दरवर्षी धरणात किती गाळ आला ते मोजून जाहीर करावं. खालच्यांनी पैसा आणि शब्द द्यावा. आणि आवर्तन ठरवणाऱ्या बैठकीत त्या धरणाच्या वरच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी बसावेत, त्यात निम्म्या बाया असाव्यात. झरा कधी आटला हे त्यांच्याइतकं नेमकं कुठल्याच खात्याला ठाऊक नसतं.

नार-पार-गिरणा योजनेकडं बोट दाखवून काही जण म्हणतील, आता कशाला ही उठाठेव? 2024 मध्ये मंजुरी मिळालेली सात हजार कोटींची ती योजना पश्चिमेकडं वाहून जाणारं पाणी उचलून गिरणेत टाकणार आहे. यावं ते पाणी, मीही वाट पाहतो. पण ते येणार सुरगाणा-पेठच्या डोंगरांतून, तिथल्या आदिवासींच्या जमिनीवर धरणं बांधून. तिथंही तोच प्रश्न आहे आणि आपण पुन्हा तीच चूक करायला निघालो आहोत: वरच्याला न विचारता खालच्यांत वाटणी. सात हजार कोटींचं पाणी उघड्या डोंगराच्या गाळात ओतायचं असेल तर ते किती वर्षं टिकेल, हा हिशोबही मंजुरीच्या कागदात असायला हवा.

सटाणेकरांना माझी विनंती आहे. पुढची कालवा सल्लागार समितीची बैठक व्हायच्या आत नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव यावा: केळझर आणि पुनदच्या वरच्या ग्रामसभांशी लेखी करार करायचा, त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवायची, आणि करार करायला शहरानं त्यांच्या गावात जायचं, त्यांना तहसीलमध्ये बोलवायचं नाही. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला या आठवड्यात गाठा आणि त्याला सूचक व्हायला सांगा.